शेवटच्या नळापर्यंत आलेल्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

पावसाळ्यात आमच्या आळीतल्या चार मुलांना आठवड्याभरात कावीळ झाली. त्यात माझी धाकटी होती. बाजारातली पाणीपुरी बाधली, असं सगळे धरून चालले होते. पाण्यावर कुणाचा संशय नव्हता, कारण नळाला येणारं पाणी नितळ होतं. वासही नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं की ही अ प्रकारची, दूषित पाण्या-अन्नातून पसरणारी कावीळ आहे आणि लागण झाल्यावर ती दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात. पाणी सोडायला निघालेल्या तुम्हाला मी हे रस्त्यातच सांगितलं, तेव्हा तुम्ही सायकल तिथेच लावलीत.

त्या पहाटे पाणी सुटल्यावर तुम्ही काचेची नळी आणि ओटीची, म्हणजे क्लोरीन असेल तर पाणी पिवळं करणाऱ्या औषधाची, बाटली घेऊन टाकीपासून निघालात. टाकीजवळच्या नळाला पाणी छान पिवळं झालं, म्हणजे टीसीएल, ती जंतू मारणारी क्लोरीनची पावडर, बरोबर पडली होती. देवळापाशी पिवळं. पिठाच्या गिरणीपाशी फिकट पिवळं. आमच्याकडे, शेवटच्या नळाला, मात्र पाण्यासारखं पाणी, रंगच नाही. ‘लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शेवटच्या नळाला उरायलाच पाहिजे, ताई. इथं काहीतरी ते खातंय,’ एवढंच तुम्ही म्हणालात. पाणी जेमतेम पाऊण तास असतं. त्या वेळात तुम्ही गिरणी ते आमचं घर प्रत्येक दार वाजवलंत. रंग कुठे जातो ते तिसऱ्या दिवशी सापडलं. एका घरजोडणीचा लोखंडी पाइप गटारातून गेलेला आणि गंजून सडलेला होता.

आणखी एक गोष्ट मला इथे लिहायलाच हवी. दाब कमी म्हणून आम्ही नळाला थेट मोटर लावली होती. मोटर पाणी ओढते तेव्हा फुटक्या जागेतून गटाराचं पाणीही आत खेचलं जातं, हे तुम्ही माझ्या सासूबाईंना ओट्यावर बसून समजावलंत. आवाज चढवला नाहीत, दंडाचं नाव काढलं नाहीत. त्याच संध्याकाळी आम्ही मोटर काढली. शेजारच्या पाच घरांनीही काढली.

जानेवारी 2025मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसचे, म्हणजे हातपाय लुळे पाडणाऱ्या मज्जातंतूंच्या आजाराचे, रुग्ण वाढले, तेव्हा बातम्या बघून आम्ही आठ दिवस पाणी उकळलं होतं. मग विसरलो. तुम्ही मात्र विसरला नव्हता. टीसीएल बादलीत कालवून, गाळ बसू देऊन वरची निवळीच टाकीत सोडायची, हजार लिटरला साधारण पाच ग्रॅम, पोतं ओल लागणार नाही असं ठेवायचं, नाहीतर तिच्यातला क्लोरीन उडून जातो. हे तुम्ही वर्षानुवर्षं करत आलात, आणि आम्हाला तुम्ही फक्त ‘पाणी सोडणारे काका’ म्हणून माहीत होता.

पाइप बदलला. नवा गटारापासून दूर, वरून नेलाय. त्यानंतर आळीत नवा रुग्ण नाही. लेकीचं दुखणं तीन आठवडे चाललं. डोळ्यांतला पिवळेपणा उतरल्यावर ती पहिल्यांदा पोटभर जेवली, तो दिवस मी विसरणार नाही.

आता पाण्याच्या दिवशी ती अंथरुणातून उठून नळाशी उभी राहते. नळी तिला धरायची असते. येत्या रविवारी तपासणी झाली की घाईत निघू नका. चहा आणि गरम पोहे आमच्याकडेच.

आपली,
शेवटच्या नळाच्या घरातली ताई