यंदा तीस तारखेला येत नाही

ती. आई आणि आण्णांना साष्टांग नमस्कार,

फोनवर सांगितलं असतं तर आई रडली असती आणि आण्णांनी फोन ठेवून दिला असता, म्हणून लिहिते. यंदा 30 सप्टेंबरला मी किल्लारीला येत नाही. ह्यांनी अडवलेलं नाही, सुट्टीचाही प्रश्न नाही. माझं मीच ठरवलंय. भूकंपाच्या स्मृतिस्तंभापाशी दरवर्षी तीच भाषणं ऐकायची आणि पुण्यात परतून महिनाभर झोपेचं खोबरं करून घ्यायचं, हे आता नको. बाळूला विसरले, असं मात्र मनात आणू नका. त्याचं पान आई वाढेलच, शेंगाची पोळी तेवढी माझ्याकडून ठेव.

मी मानसोपचाराच्या डॉक्टरांकडं जाते, हे धाकटीनं सांगितलंच असेल. वेडबीड लागलेलं नाही. 1993 च्या त्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जे झालं, ते अंगातून गेलंच नव्हतं. खालून ट्रक गेला, मांडणीवरची भांडी वाजली, की मी पोरीला उचलून जिन्यात! आता डॉक्टरबाई डोळ्यांपुढं दोन बोटं डावी-उजवीकडं हलवतात, मी नजर त्यांच्यावर ठेवून सगळं आठवत जाते. माळवदाची माती तोंडात गेलेली. आणि आण्णा, तुमचा हात, नखं फुटलेला. इतकी वर्षं मला नुसता अंधारच आठवायचा, हात आठवतच नव्हता. त्या दिवशी दवाखान्यात पोटभर रडले. अजून पावणेचारला जाग येते, पण थंड फरशीवर पाय टेकते, घोटभर पाणी पिते आणि परत झोपते.

आण्णा, घरात झोपा असं मी म्हणणार नाही. अंगणातली बाज तुमची तुम्हाला. पण पावसात पत्र्याखाली घ्यायची, मच्छरदाणी लावायची आणि बीपीची गोळी चुकवायची नाही. आई, धडधडतं म्हणून अंगारा लावत बसू नकोस. आधी ईसीजी काढ. तो चांगला निघाला तर 14416 ला, मनाच्या त्रासासाठीच्या हेल्पलाइनला, फोन लाव. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. लोक काय म्हणतील म्हणशील, तर फोनवर कुणाला दिसतंय?

दिवाळीला चांगली आठवडाभर येते. मेडिकलवाल्याला पैसे पाठवलेत, त्याचा पोरगा गोळ्या घरी आणून देईल. आण्णांनी त्याला परत पाठवायचं नाही.

तुमची,
माई