तार ताणण्याआधी सूर ऐकू द्या

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गिटार शिकवताना कॉर्ड (एकत्र वाजवायचे सूर) आणि लय यांवर जेवढी मेहनत करून घेतली जाते, तिच्या पावपटही तार ताणून सूर चढवण्यावर, म्हणजे बेंडिंगवर, करून घेतली जात नाही. टॅबमध्ये, म्हणजे कोणती तार कुठे दाबायची हे दाखवणाऱ्या गिटारच्या लिपीत, वर जाणारा एक बाण असतो. पण तो बाण ज्या सुरापाशी थांबतो तो सूर विद्यार्थ्याला आधी ऐकवला जात नाही, आणि मग तो जमेल तेवढी तार रेटतो व बेसूर होतो.

माझी सुरुवातीची दोन वर्षे अशीच गेली. एकट्या अनामिकेने तार ढकलायची, बोटाच्या टोकाला चरा पडायचा आणि सूर अर्ध्या वाटेवर अडायचा. अनामिकेच्या मागे त्याच तारेवर मधले बोट व तर्जनी टेकवावी, अंगठा नेकच्या (गिटारच्या दांडीच्या) वरच्या कडेवर घ्यावा आणि कुलपात किल्ली फिरवावी तसे मनगट वळवावे, हे फार उशिरा कळले. अर्धा सूर चढवायला तारेवरचा ताण साधारण १२ टक्क्यांनी वाढावा लागतो. पूर्ण सुरासाठी तो सुमारे सव्वापट व्हावा लागतो. एकटे बोट तिथे हरणारच.

तरीही खरे काम कानाचे आहे. तिसऱ्या तारेवर नवव्या फ्रेटचा (दांडीवरच्या आडव्या पट्टीचा) सूर वाजवून तो गुणगुणावा, मग सातव्या फ्रेटवर बोटे ठेवून तार ढकलत त्याच सुरापर्यंत पोहोचावे आणि नववा फ्रेट पुन्हा वाजवून ताडून पाहावे. सतारीवर मींड घेणाऱ्याला, म्हणजे तार ओढून एका स्वरावरून दुसऱ्यावर जाणाऱ्याला, मुक्कामाचा स्वर आधीच ठाऊक असतो. गिटारवाल्याला यात सूट कशी मिळेल? अल्बर्ट किंग हे डावखुरे अमेरिकन ब्लूज गिटारवादक उजव्या हाताची गिटार तारा न बदलता उलटी धरत, त्यामुळे बारीक तारा वरच्या बाजूला येत आणि ते त्या खाली ओढत. दिशा उलटी असूनही सूर चोख लागे.

गिटार शिकवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, त्यांनी चढलेल्या सुराइतकेच उतरणाऱ्या सुराकडेही लक्ष द्यावे. तिसरी तार वर ढकलताना चौथी तार बोटाखाली सापडते आणि तार परत सोडताना ती नकळत वाजते. तर्जनीचे टोक तिला हलके टेकवून ठेवले, तरच उतरता सूर स्वच्छ ऐकू येतो.

आपला नम्र,
एक गिटारप्रेमी वाचक