डेकमुळे घराची किंमत वाढते का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हल्ली पुण्यात रो हाऊस किंवा टेरेस फ्लॅट दाखवताना एजंट आधी लाकडी डेकच दाखवतात आणि भाव चढवून सांगतात, म्हणून मुद्दाम लिहितोय. आम्ही पण सहा वर्षांपूर्वी मागच्या अंगणात पाइनचा डेक टाकला, घर विकताना पैसे वसूल होतील असं कॉन्ट्रॅक्टर छातीठोकपणे म्हणाला होता. पहिल्याच पावसाळ्यात फळ्या फुगल्या, पुढच्या वर्षी खालच्या पट्ट्यांना वाळवी लागली, आणि एक दिवस फळी उचलून बघतो तर पानांनी जाळी तुंबलेली, टीचभर पाणी साचलेलं आणि त्यात डासांच्या अळ्या वळवळतायत! घरात दोन वर्षांची नात आहे हो, धडकीच भरली मला.

मुळात २०१६ च्या रेरा कायद्यात बाल्कनी नि उघडी गच्ची कार्पेट एरियात, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या जागेत, धरतच नाहीत, मग त्यावर फळ्या ठोकून तो एरिया वाढणार कसा? डब्ल्यूपीसीच्या, म्हणजे लाकडाचा भुसा नि प्लॅस्टिक मिसळून केलेल्या फळ्यांना लाकडासारखी वाळवी लागत नाही हे खरं, पण एप्रिलच्या उन्हात त्यांच्यावर अनवाणी पाय ठेववत नाही.

घर बघायला आलेल्या एका जोडप्याने तर हे काढून देणार का असंच विचारलं. शेवटी काढला. आता तिथे शहाबादी फरशी आहे, नीट उतार दिलेली, आणि सकाळी तिच्यावर प्राजक्ताचा सडा पडतो तो नात वेचत बसते.

— एक वाचक, पुणे