सोनू, गाळ्याची सही करायच्या आधी हे वाच

चि. सोनू बेटा,

रविवारी तू म्हणालीस, "अण्णा, तुम्हाला चांगलं कधी दिसतच नाही का," आणि फोन ठेवलास. मी परत लावला नाही, कारण मागे सुताराचा आवाज येत होता, चार माणसांत बापलेकीचं भांडण कशाला. म्हणून हे टाईप करतोय. लांबेल जरा, रात्री निवांत वाच.

आधी हे सांगतो की मला चांगलं दिसतं. जळगावात रिंग रोडला माझ्या पोरीची बेकरी होणार, हे मी चोपड्यात कोणाकोणाला सांगितलंय ते तुझ्या मम्मीला विचार. स्टँडवरच्या चहावाल्यालासुद्धा माहीत आहे. मुद्रा योजनेच्या 'तरुण' गटातलं 8 लाखांचं कर्ज तू स्वतः बँकेत बसून मंजूर करून आणलंस, मला सहीलासुद्धा बोलावलं नाहीस. मी नोकरीत असताना सोसायटीचं कर्ज मागायला जायचो तेव्हा पाय अडखळायचे. तुझं तसं नाही, बरं वाटतं बघ.

मी फक्त एवढंच विचारलं होतं की ॲग्रीमेंट किती वर्षांचं आहे. तू म्हणालीस 11 महिन्यांचं, सगळे तसंच करतात, पुढे रिन्यू होतं, ओनर चांगला माणूस आहे. असेल. मी माणसाबद्दल बोलत नाहीये, कागदाबद्दल बोलतोय.

तू पाठवलेलं गाळ्याच्या कामाचं कोटेशन मी मोठ्या अक्षरात प्रिंट काढून आणलं आणि पेन्सिल घेऊन बसलो. 11 लाख 40 हजार. पण शेवटच्या पानावर खाली बारीक अक्षरात "टॅक्सेस एक्स्ट्रा" लिहिलंय, ते पाहिलंस का? 18 टक्के जीएसटी धरला तर 2 लाख 5 हजार वर जातात, म्हणजे काम साडेतेरा लाखांना पडतं. तुझ्याकडे एकूण 18 लाख. कर्जाचे 8, तुझे साठवलेले 6 आणि मम्मीच्या पाटल्यांचे 4. त्यातून डिपॉझिट 2 लाख, ओव्हन-फ्रीजर-मिक्सरचे साडेतीन लाख. तुझ्या हिशोबाने 1 लाख 10 हजार उरतात, माझ्या हिशोबाने 95 हजार कमी पडतात. आणि यात पहिल्या सहा महिन्यांचं भाडं कुठेच नाही. महिना 28 हजारांनी 1 लाख 68 हजार होतात. गिऱ्हाईक पहिल्या दिवसापासून रांग लावत नाही बेटा. शिवाय गाळ्याच्या कामात दहा-पंधरा टक्के जास्तीचे लागतातच, फरशी उकरल्यावर खाली काय निघेल ते कोणालाच माहीत नसतं.

आता माझं खरं म्हणणं ऐक. साडेतेरा लाखांना 11 महिन्यांनी भागलं तर महिन्याला सव्वा लाखाच्या जवळ जातं, आणि 60 महिन्यांनी भागलं तर साडेबावीस हजाराच्या आत. म्हणजे 28 हजार हे भाडं दिसतं तेवढंच नाहीये, त्याच्यावर अजून एक भाडं आहे आणि ते किती हे ॲग्रीमेंटची वर्षं ठरवतात. म्हणून मी सारखं तेच विचारतो, तुला टोचायला नाही.

पाच वर्षांचं लीव्ह अँड लायसन्सचं ॲग्रीमेंट रजिस्टर करून घे. खर्च काही फार नाही. पाच वर्षांचं भाडं, त्यात डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के धरलेलं व्याज, या सगळ्यावर पाव टक्का स्टॅम्प ड्युटी लागते. तुझ्या आकड्यांना ती साडेचार हजारांच्या आसपास बसते, दरवर्षी भाडं वाढणार असेल तर थोडी जास्त. रजिस्ट्रेशनचे 1000 वेगळे. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यात कलम 55 आहे, रजिस्टर करायची जबाबदारी जागामालकाची असते, त्यामुळे तू मागतेस यात लाजण्यासारखं काही नाही. आणि लॉक-इन, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी जागा सोडायची-सोडवायची नाही ही अट, दोन्ही बाजूंनी हवं. आत्ताच्या ड्राफ्टमध्ये तो एक महिन्याच्या नोटिशीवर तुला काढू शकतो आणि तू मात्र पूर्ण 11 महिने सोडू शकत नाहीस. असं एकतर्फी नको गं. निदान तीन वर्षं तरी त्याने हलवायचं नाही असं लिहून घे.

भुसावळच्या नानांचं दुकान तुला आठवत नसेल, तू लहान होतीस. नानांनी भाड्याच्या जागेत कडाप्प्याचे रॅक भिंतीत बसवून घेतले होते, वर पीओपीची नक्षी. जागा खाली करायची वेळ आली तेव्हा पक्कड-टेस्टर घेऊन मीच गेलो होतो. ट्यूब काढल्या, पंखे काढले, बोर्ड काढला. नाना सारखे कडाप्प्यावर हात फिरवत होते, काढायला गेलो तर भिंत तुटत होती आणि मालक दारातच उभा. कडाप्पा तिथेच राहिला. नंतर तिथे मोबाईलचं दुकान लागलं, त्याच रॅकवर कव्हरं मांडलेली असायची. नाना त्या गल्लीतून जायचेच नाहीत.

जाऊ दे, कुठे निघालो. मम्मी म्हणते तुम्ही पोरीला घाबरवता. आजी पण ओट्यावरून म्हणे, "पोरले बोलू नको रे भाऊ." मला बोलायचं नाहीये. माफ कर, लेक्चर झालं.

पण लाईटचं माझं ऐकावंच लागेल, आयुष्यभर खांबावर चढलोय. गाळ्याला सिंगल फेज मीटर आहे. तुझा ओव्हन एकटा 9 किलोवॅट, दोन एसी धर साडेतीन, फ्रीजर, डिस्प्ले, मिक्सर, लाईट मिळून 16 च्या पुढे जातं. म्हणजे थ्री फेज घ्यावं लागेल आणि लोड वाढवावा लागेल, पण 20 च्या आत ठेव, वर गेलीस की टॅरिफचा स्लॅबच बदलतो. मीटर ओनरच्या नावावर आहे, अर्जाला त्याची संमती लागेल, तीही आत्ताच लिहून घे. वाढीव लोडचे पैसे तू भरशील आणि कनेक्शन त्याच्या नावावर राहील, हे पण साडेतेरा लाखांत धरलेलं नाहीये. महावितरणला वेळ लागतो, मी घरचा आहे म्हणून सांगतो. तोवर भाडं सुरू होऊ देऊ नकोस, कामाचा दीड महिना बिनभाड्याचा माग, तेच तुझे 42 हजार वाचतात. वायर ओव्हन आणि एसीला 4 स्क्वेअर एमएमचीच, पॉवर प्लगला अडीच, आणि 30 मिलीॲम्पची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईन तोडणारा स्विच, बसल्याशिवाय ओल्या फरशीवर मिक्सर चालू करायचा नाही. अर्थिंग मी स्वतः तपासणार.

त्या गाळ्याचं तोंड पश्चिमेला आहे ना? कोटेशनमध्ये पूर्ण काचेचा फ्रंट धरलाय. मे महिन्यात जळगावात 45 डिग्रीला दुपारी चारनंतर ऊन सरळ काउंटरवर येईल, क्रीमचं काय होईल सांग. अर्धी भिंत ठेव, वर शेड घे. काचेचे पैसे वाचतील आणि बिलही. सीलिंगचं माप 480 फूट लावलंय आणि गाळा कार्पेट 420 आहे, उभे पट्टे धरले असतील तर तसं लिहून दे म्हणावं. ॲडव्हान्स 60 टक्के मागतोय, अजिबात देऊ नको. 25 दे, मग काम पुढे सरकेल तसतसं, आणि शेवटचे 10 टक्के दुकान महिनाभर चालल्यावर.

मी तुझ्या कोटेशनचे दोन भाग केलेत. उद्या जागा सोडली तर आपल्यासोबत येईल ते एकीकडे, भिंतीत राहील ते दुसरीकडे. सोबत येणारं 4 लाख 20 हजार, राहणारं 7 लाख 20 हजार, वर टॅक्स. रॅक भिंतीत न करता स्क्रूवर सुटे करून घेतले आणि सीलिंग फक्त काउंटरवर केलं तर दुसरा आकडा बराच खाली येईल. मम्मीच्या पाटल्या त्या दुसऱ्या आकड्यात जाऊ नयेत एवढंच मनात येतं. तिने आपणहून दिल्या, एका शब्दाने काही बोलली नाही, हे पण तुला माहीत आहे.

लोडशेडिंगच्या दिवसांत लोक दारात येऊन मला बोलायचे आणि तू आत कुकरची रिंग-शिट्टी काढून, खाली मीठ पसरून, टॉर्चच्या उजेडात केक करायचीस. एका बाजूने करपलेला. बाहेर शिव्या देणाऱ्या त्या पाटलांना तू तो बशीत नेऊन दिलास आणि ते गप खाऊन घरी गेले. तेव्हाच मला वाटलं होतं ही पोरगी काहीतरी करेल.

टोकनचे 51 हजार गेले तरी चालतील, मी देईन. पण वर्षं न वाढवता सही करू नको. एवढं बोलून गप्प बसणार होतो.

सोमवारी सकाळच्या गाडीने येतोय, क्लॅम्प मीटर आणि टेप घेऊन. सुताराला थांबायला सांग, वायरमनला पण. मम्मी कळण्याचं पीठ आणि ठेचा देतेय, डबा परत पाठव. ओनरशी तू बोल, मी नुसता बाजूला उभा राहीन. आणि ड्राफ्टचे फोटो आजच पाठव, सगळ्या पानांचे.

तुझे अण्णा