पुलाखालची माणसे दिवसा कामावर असतात

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

ठाण्यातल्या उड्डाणपुलांखाली राहणाऱ्यांना हटवा, अशी मागणी करणारे वाचकपत्र आपल्याकडे छापून आले. हातपाय धड असलेला माणूस काम करेल तर रस्त्यावर झोपायची वेळ त्याच्यावर येणारच नाही, ही माणसे बेजबाबदार आहेत, असे पत्रलेखकांचे म्हणणे. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते फिरले आणि सगळ्यांनी पसंतीचे अंगठे दिले.

पत्रलेखकांनी एखाद्या सकाळी मजुरांच्या नाक्यावर जावे. थापी, फावडे, रंगाचे ब्रश घेऊन माणसे उभी असतात. ठेकेदाराचा माणूस येतो, हवी तेवढी डोकी मोजून टेम्पोत बसवतो. उरलेले अकरापर्यंत थांबतात आणि मग दिवस बुडाला असे समजून निघतात. यांतले बरेच जण भाड्याच्या खोलीत राहतात, काही जण पुलाखाली. बायका सिग्नलवर गजरे, लिंबू-मिरची विकतात, कुणी भंगार वेचते, लग्नसराईत कुणी केटररकडे भांडी घासते. दुपारी पुलाखाली म्हातारी माणसे आणि गाठोडीच दिसतात, याचे कारण हेच.

मग कमावतात तर घर का घेत नाहीत? चाळीतल्या खोलीलाही डिपॉझिट एकरकमी लागते, आणि रोजाने कमावणाऱ्याच्या हातात एकरकमी काही साठत नाही. पावसाळ्यात बांधकामे थंडावली की थोडेफार साठलेले असेल तेही जाते. टिटवाळ्याच्या पुढे स्वस्तात राहावे म्हटले, तर पहाटेची लोकल पकडून नाका गाठायचा आणि काम न मिळाल्यास तिकिटाचे पैसेही गेले. १९८५ साली मुंबईतल्या पदपथावर राहणाऱ्यांच्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच मान्य केले होते : माणसे पदपथावर राहतात कारण रोजगार तिथून जवळ असतो, आणि उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. (त्याच निकालाने रीतसर नोटीस देऊन हटवायला मुभाही दिली, हे आमच्यासारख्यांनी सोयीने विसरू नये.)

आता जबाबदारीचे. आमच्या गच्चीच्या वॉटरप्रूफिंगच्या वेळी ठेकेदाराचा दर पाडून घेतला म्हणून सभेत टाळ्या वाजल्या होत्या. तो दर त्याने स्वतःच्या नफ्यातून पाडला असेल, असे मानणारा माणूस भोळा म्हणायचा; तो पडला मजुरांच्या रोजातून.

बेघर माणसे काम करत नाहीत, हा समज खुद्द न्यायालयांतही डोकावतो. बेघरांनीही देशासाठी काम करावे, सगळे काही सरकार देऊ शकत नाही, असे मुंबई उच्च न्यायालय २०२१ मध्ये म्हणाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेघरांच्या निवाऱ्यांवरच सुनावणी चालू असताना, मोफत योजनांमुळे लोकांना काम नकोसे झाले आहे, असे शेरे सर्वोच्च न्यायालयात मारले गेले. दुसरीकडे आपल्या राज्यातला १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा पाहा. वस्तू विकण्याच्या बहाण्याने पैसे मागणे हीही त्याच्या लेखी भीकच, आणि पहिल्याच खेपेला एक ते तीन वर्षे डांबून ठेवता येते. गजरेवालीने काम करावे म्हणजे नक्की काय करावे?

पुलाखाली दारुडे आणि गर्दुल्ले आहेत, घाण होते, रात्री तिथून जाताना बायका बिचकतात. ही तक्रार खरी आहे आणि ती पोलिसांकडे करावीच. भान हरपून भटकणारा माणूस दिसला तरी कळवावे. त्याला संरक्षणात घेणे हे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने पोलिसांचे कर्तव्य आहे, आणि मनोरुग्णालय तर आपल्याच शहरात १९०१ पासून आहे.

पण याच शहरात तीन हात नाक्याच्या पुलाखाली २०१६ पासून सिग्नल शाळा चालते. महापालिका आणि समर्थ भारत व्यासपीठाने ती सुरू केली. तिथल्या मुलांनी दहावीही पार केली. सिग्नलवर वस्तू विकून चार पैसे आणणारे पोर वर्गात बसवायचे, तर ती कमाई आई-बापांना सोडावी लागते. त्यांनी ती सोडली. बेजबाबदार ठरवण्याआधी एवढे तरी त्यांच्या खात्यावर मांडावे.

शहरी भागात एक लाख लोकवस्तीमागे शंभर जणांचा एक कायमस्वरूपी निवारा असावा, असे केंद्राच्या योजनेनेच ठरवून दिले होते. २०११ च्या जनगणनेत ठाण्याची लोकसंख्या १८ लाखांवर होती, म्हणजे तेव्हाच्याच हिशेबाने १८ निवारे हवेत. पुलाखालून माणसे उठवण्याआधी महापालिकेने निवाऱ्यांचे पत्ते आणि तिथल्या शिल्लक जागा स्टेशनबाहेरच्या सॅटिस या उन्नत पुलाखाली व मजुरांच्या नाक्यांवर फलक लावून जाहीर कराव्यात. नवरा एकीकडे, बायको-मुले दुसरीकडे अशी ताटातूट तिथे होते का आणि मजुराला अवजारे ठेवायला कुलूप मिळते का, हेही त्याच फलकावर लिहावे.

आपली,
एक वाचक, पाचपाखाडी, ठाणे