विजयाबाई, 'सुलतान'साठी आभार

आदरणीय विजयाबाई मेहता,
सप्रेम नमस्कार.

आपली ओळख नाही आणि तुम्ही माझं एकही नाटक बसवलेलं नाही. तरी हे आभार तुमचेच. मी यवतमाळकडची. नाटकं लिहिते, वऱ्हाडीत लिहिते, आणि 'भाषा जरा जड जाते हो' असं प्रयोगानंतर ऐकून घेऊनही वऱ्हाडीतच लिहिते. एवढी मुजोरी आली कुठून, याचा माग काढत गेले की तुमच्या दारात येऊन पोचते.

नागपुरातला एक तरुण सिनेमाची तिकिटं मिळाली नाहीत म्हणून नाटकाला जाऊन बसला. नाटक तेंडुलकरांचं, 'मी जिंकलो मी हरलो', दिग्दर्शन तुमचं. महेश एलकुंचवार नाटककार कसे झाले, त्याचा हा किस्सा आमच्याकडे नाटकवाल्या पोरांना पाठ असतो. पण त्यात तुमचा हात लागला तो तुम्हालाही न कळता, त्याचे आभार कसले मानायचे?

आभार आहेत ते पुढच्या गोष्टीसाठी. १९६७ साली 'सत्यकथा' मासिकात एलकुंचवारांची 'सुलतान' ही एकांकिका छापून आली आणि तुम्ही ती नुसती वाचून ठेवून दिली नाहीत. मुंबईच्या नाट्यवर्तुळात ज्याला कुणी ओळखत नव्हतं, त्याच्या एकांकिका तुमच्या 'रंगायन' या नाट्यसंस्थेनं उभ्या केल्या. 'छान लिहिलंय' असं कळवणारे पुष्कळ भेटतात. नट गोळा करून तालमी लावणारं माणूस मात्र विरळा. आपलं कुठलं वाक्य नटाच्या तोंडात बसत नाही हे लेखकाला तालमीतच कळतं. परीक्षणं कितीही वाचली तरी ते कळत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

परीक्षणांचं म्हणाल तर एलकुंचवारांची पुढची वर्षं काही सुखाची नव्हती. 'गार्बो', 'वासनाकांड' या नाटकांतली हिंसा आणि लैंगिकता अनेकांना झेपली नाही. 'वासनाकांड' सेन्सॉरमध्ये अडकलं, दिग्दर्शक अमोल पालेकरांना कोर्टाची पायरी चढावी लागली. नव्या लेखकावर 'भडक' असा शिक्का एकदा बसला की पुढची संहिता लोक तोच चष्मा लावून वाचतात. (बाई असली तर शिक्का जरा जास्तच गडद उमटतो, ते असो.)

आणि मग १९८५चं एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी'. दिग्दर्शक पुन्हा तुम्हीच, आणि तेही 'कलावैभव'सारख्या व्यावसायिक संस्थेतर्फे! धरणगावच्या देशपांड्यांचं घर, वडील गेल्यानंतरचे ते दिवस, घरातल्या सोन्यावर खिळलेले डोळे, बंद पडलेला ट्रॅक्टर, आणि थोरल्यांच्या तोंडी आमची बोली. मुंबईचा प्रेक्षक ती ऐकत बसला. आजही मला कुणी 'बोली थोडी सौम्य कर' म्हणालं की मी या नाटकाचं नाव घेते. वाद तिथेच मिटतो. बहुतेकदा.

पंधराएक वर्षांनी त्याच लेखकाकडे तुम्ही परत आलात, याचं मला 'सुलतान'पेक्षाही जास्त अप्रूप आहे. नवा लेखक शोधल्याचं श्रेय घेणारे खूप असतात. त्याचं वय वाढल्यावर, सूर बदलल्यावर पुन्हा त्याची संहिता हातात घेणारे किती?

हे सगळं आत्ताच लिहायचं कारण असं, की दिवाळी अंकातली माझी एकांकिका वाचून अमरावतीच्या एका मुलीचा फोन आला. तिला ती बसवायची आहे. 'मला ओळखत नाहीस, मग माझीच कशाला?' असं विचारलं, तर म्हणाली, 'ताई, विजयाबाईंनी काय ओळख काढून केलं होतं का?'

तालमी सुरू झाल्यात. शेवटचा प्रवेश लांबतोय असं तिचं म्हणणं आहे. मी अजून तरी ऐकलेलं नाही.

आपली नम्र,
यवतमाळकडची एक नाटककार