करवत घेण्याआधी

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि जंगलातल्या शिकारीच्या मुक्कामासाठी केलेली सामानाची यादी मिळाली. वजन वाचवायला टूथब्रशची दांडी तोडलीस, हे वाचून हसू आवरेना. पण करवतीपुढे नुसतं ‘सर्वांत हलकी कोणती?’ एवढंच लिहिलंयस, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आधी किती जाडीचं लाकूड कापायचंय ते ठरव, वजनाचं नंतर बघू.

ती बोटात अडकवायच्या दोन कड्यांची तारेची करवत यादीतून काढूनच टाक. वजनाला काहीच नाही, कामालाही जवळपास तेवढीच. तार तापते, खाचेत अडकते आणि हात थकलेले असताना नेमकी तुटते. दोन मुठींची, हाताने ओढायची साखळीची करवत त्यापेक्षा बरी, जाड ओंडकाही कापते. पण दोन्ही हात सारखे ओढावे लागतात आणि जमिनीलगत पडलेल्या लाकडाखालून ती ओवणं म्हणजे वैताग. आपल्या कामाला घडीची, म्हणजे पातं मुठीत मिटणारी करवतच घे.

आता पात्याची लांबी. प्रत्येक दाता लाकडातून जाताना भुसा आपल्या पुढच्या खाचेत भरून घेतो आणि लाकडाबाहेर पडला की तो सांडतो. पातं 17 सेंमी आणि लाकूड 10 सेंमी जाड असेल, तर हात पुढेमागे करायला जेमतेम 7 सेंमी उरतात. मधले दाते लाकडाबाहेर येतच नाहीत, खाचा भुश्याने गच्च भरतात आणि करवत कापायची सोडून नुसती घासत बसते. म्हणून पातं लाकडाच्या जाडीच्या निदान दुप्पट हवं. 17 सेंमीच्या पात्याला साधारण 8 सेंमीचं लाकूड झेपतं, 24 च्या पात्याला 12 चं. शिवाय जाडी दुप्पट झाली की कापायचं लाकूड चौपट होतं, हे थंडीत कुडकुडताना फार जाणवतं! या दोन लांबींच्या करवतींत शंभरेक ग्रॅमचा फरक असेल. तेवढे ग्रॅम मी खुशाल वाहीन.

अर्थात चूल मनगटाएवढ्या वाळक्या फांद्यांवर पेटणार असेल, तर छोटी करवत पुरे. ‘सिल्की’ या जपानी कंपनीच्या ‘पॉकेटबॉय 170’ आणि ‘गोमबॉय 240’ या मॉडेलांच्या नावांतच पात्याची लांबी मिलिमीटरमध्ये दिलेली आहे. ‘बाहको’ची ‘लॅपलँडर’ 19 सेंमीची, सुमारे 200 ग्रॅमची. तंबूत शेगडी ठेवून रात्रभर ओंडके जाळणार असशील तरच घडीची चौकट असलेल्या मोठ्या करवतीचा विचार कर. ती झपाझप कापते, पण जागा खाते आणि वजनही दुपटीच्या वर जातं.

जपानी पद्धतीच्या करवती ओढताना कापतात. ओढताना पातं ताणलं जातं, त्यामुळे ते पातळ असलं तरी वाकत नाही. पातळ पात्याची खाच अरुंद, म्हणजे भुसा कमी आणि मेहनतही कमी. उलट ढकलून कापणाऱ्या करवतीचं पातं जाड ठेवावं लागतं. तुझ्या हाताला ढकलायची सवय आहे, ती मोडावी लागेल. पातळ पातं लाकडात अडकलेलं असताना जोरात पुढे रेटलं, की ते वाकतं नाहीतर मुळाशी मोडतं. जोर ओढताना द्यायचा, परतीला हात सैल.

दात्यांचं म्हणशील तर ओल्या लाकडाला मोठे, विरळ दाते. वाळक्या टणक लाकडाला बारीक. एकच न्यायची तर मधले घे. दात्यांची टोकं निळसर-काळी दिसली तर समज, ती विजेवर तापवून कठीण केलेली आहेत. ती खूप टिकतात, पण त्यांच्यावर कानस चालत नाही. बोथट झाली की पातंच बदलायचं. म्हणून सुटं पातं मिळतं का, हे आधी बघ. पात्याचं लॉक उघड्या आणि मिटलेल्या, दोन्ही स्थितींत पक्कं बसायला हवं. पिशवीत करवत आपोआप उघडली, तर आधी तुझी झोपायची पिशवीच फाटेल.

शिकारीसाठी हाडं कापायला वेगळी करवत हवी का, असं विचारलंयस. मला नाही वाटत. हरणाचा पुढचा पाय धडाला हाडाने जोडलेलाच नसतो, नुसत्या स्नायूंनी धरलेला असतो. खांद्यामागून सुरी फिरवली की अलगद सुटतो. मागच्या पायाला खुब्याचा गोळा वाटीत बसलेला असतो, जसा खलात बत्ता. पाय बाहेर वाकवला की सांधा उघडा पडतो, आतला बंध सुरीने कापायचा. करवत लागते ती कवटीच्या तुकड्यासकट शिंगं काढायला. आणि पाठीच्या कण्यातून करवत घालूच नकोस. हरिणवर्गाला होणारा क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, जो 1967 साली अमेरिकेतल्या कोलोरॅडोत पहिल्यांदा आढळला, त्याचे प्रिऑन, म्हणजे रोग पसरवणारी बिघडलेली प्रथिनं, मेंदू आणि मज्जारज्जूत भरपूर असतात आणि उकळूनही जात नाहीत. माणसाला तो झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण करवतीने ते मांसभर कशाला पसरवा? शिंगं काढायचीच असतील, तर त्यासाठी बारीक दात्यांचं वेगळं पातं ठेव. तेच पुन्हा लाकडाला लावू नकोस.

वापरताना एवढंच सांभाळ: दोन्ही टोकांना टेकलेला ओंडका वरून कापत गेलास, तर तो मधे खचून पातं चिमटून धरतो. वरून थोडं कापून उरलेलं खालून काप. सुरुवातीला पातं उडी मारतं, म्हणून लाकूड धरलेल्या हातात जाड हातमोजा हवाच. चीक बसला तर स्पिरिटने पूस आणि मिटण्याआधी तेलाचा हात फिरव.

कुऱ्हाडीचं काय, हे तू विचारणारच. करवत लाकूड आडवं कापते, चिरत नाही. पावसात भिजलेल्या ओंडक्याचा कोरडा गाभा काढायचा तर तो चिरावाच लागतो. पण आधी हातभर लांबीचे तुकडे केलेस, की जाड पाठीची सुरी लावून वर दांडक्याने ठोकता येते. म्हणून मी तरी कुऱ्हाड घरी ठेवली असती.

तिकडे रात्री किती थंडी असते आणि शेगडी नेतोयस का, एवढं उलटटपाली कळव. शेगडी नसेल तर 17 ते 21 सेंमीमधली कुठलीही हाताला बसेल ती घे. मात्र घेण्याआधी हातमोजे घालून लॉक उघडून-मिटून बघ.

तुझा,
दीपक